करुणेचा रियाज

आजाऱ्याची उशा-पायथ्याशी बसून सेवा करणारं माणूसही कधीतरी चिडचिडं होतं, तोंड फिरवतं. आपण त्याला निष्ठुर म्हणतो. खरं तर ते थकलेलं असतं. हमदर्दी या शब्दातच दर्द आहे. दुसऱ्याची वेदना नुसती अंगावर घेत राहिलं, तर मन पोळतं.

जर्मन शास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच सांगतो. दुसऱ्याची वेदना अनुभवायला शिकलेले लोक खिन्न झाले. मग त्यांनाच करुणा, म्हणजे दुसऱ्याचं भलं चिंतणं, शिकवलं. खिन्नता ओसरली, मनाला उभारी आली.

करुणा शिकवायची कशी? त्याच वर्षीच्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगात माणसं दोन आठवडे रोज ३० मिनिटं बसली. आधी जिवलग, मग स्वतः, मग अनोळखी, शेवटी न पटणारा माणूस. प्रत्येकाचं दुःख सरो, असं चिंतत. पुढे पैशांच्या एका खेळात, अन्याय झालेल्या अनोळखी माणसासाठी त्यांनी दुसरं प्रशिक्षण घेतलेल्यांपेक्षा पदरचे जास्त पैसे मोडले.

गळा रियाजानं तयार होतो, तसंच मनही. सुरुवात मात्र जवळच्या माणसापासून करावी.