‘पर्यंत’ची करामत

संध्याकाळी आपण अंगणात खेळत असतो. आई चुलीपुढून म्हणते, “हंड्यातलं पाणी संपलं वाटतं.” आता यात ‘पाणी आण’ असे कोठे आले? तरी आपण निमूटपणे कळशी उचलतो. बोलायचे एक आणि समजायचे दुसरे. याला सूचित अर्थ म्हणतात, असे बाईंनी सांगितले. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण त्यातलीच. घरात हे चालते. पण विकायला आलेल्या माणसाला ही युक्ती आईपेक्षा चांगली येते.

मागच्या पावसाळ्यात गावात भोंगा लावून एक जीप आली. सोयाबीनवर फवारायचे टॉनिक होते. जीपवर मोठा कागद चिकटवलेला, ‘दुपटीपर्यंत उतारा!’ विकणारा बाबांना म्हणाला, “या पाटील! खालच्या गावात सगळ्यांनी नेलं बघा.” आम्हाला कोणी पाटील म्हणत नाही. बाबा जरा ताठ उभे राहिले. मग तो म्हणाला, “बोला, दोन बाटल्या देऊ का चार?” बाबा म्हणाले, “दोनच द्या.” घरी येऊन सांगितले, “मी काही फसलो नाही, दोनच घेतल्या!” पण ‘तुम्ही घेणारच’ हे त्या प्रश्नातच धरलेले होते. ‘एकही नको’ म्हणायला त्यात जागाच नव्हती. आजीचा चष्मा त्या पैशांतून व्हायचा होता, तो राहिला.

मळणी झाली. उतारा दर वर्षीचाच, एकरी सात क्विंटल. बाबांनी त्या माणसाला तालुक्याच्या बाजारात गाठले. त्याने कागदावर बोट ठेवले. “पाटील, ‘पर्यंत’ लिहिलंय. दुप्पट होईलच असं कुठं म्हटलं?” खरेच म्हटले नव्हते! काडीचा फरक पडला नाही तरी त्या शब्दामुळे तो सुटला. ‘दुप्पट’ हे बाबांनीच मनात धरले होते. दुसऱ्याने सांगितलेले आपण पारखून घेतो, पण आपणच मनात जुळवलेले कोण पारखतो? मला वाटते, खरी गोम इथेच आहे.

एका शब्दाने डोळ्यांनी पाहिलेलेही बदलते. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या. काहींना विचारले, ‘मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?’ काहींना विचारले, ‘जोरात आदळल्या तेव्हा किती होता?’ फिल्म त्याच, पण ‘लागल्या’वाल्यांनी सरासरी ताशी सुमारे ३२ मैल सांगितले आणि ‘आदळल्या’वाल्यांनी सुमारे ४१. मग दुसऱ्या १५० विद्यार्थ्यांना तशीच फिल्म दाखवून आठवड्याने विचारले, ‘फुटलेली काच दिसली का?’ काच फुटलीच नव्हती. तरी ‘जोरात आदळल्या’ असे ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणच हो म्हणाले.

पालकांसाठी एक सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जाहिरातीत उघड लिहिलेलेच नव्हे, तर सुचवलेलेही बघतात. महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवली तर तीही दिशाभूलच. फसवणूक झाली तर १९१५ या नंबरवर फोन करता येतो. बाबांना हे नंतर कळले. शिवाय त्यांच्याकडे पावती नव्हती. मागितली तेव्हा तो म्हणाला होता, “पाटलांना पावती कशाला?”

यंदा ती जीप परत आली. तोच भोंगा, तोच कागद. “दोन देऊ का चार?” बाबा काही बोलायच्या आत आजीने ओट्यावरून विचारले, “बाबा रे, कमीत कमी किती वाढतं, तेवढं सांग की.”

त्याने भोंग्याचा आवाज मोठा केला.