बटणाला अक्षर कुठं ठाऊक असतं!

भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डावर 'हिंगोली' लिहायला सात बटणं पुरतात. त्यातली व्यंजनं उजव्या हाताला, वेलांट्या, काना-मात्रा आणि अनुस्वार डाव्या हाताला. शिकलेला माणूस हे दोन सेकंदांत उरकतो. पण त्यातला पहिला 'ह' पडद्यावर पोचेपर्यंत काय काय घडतं, बघा!

'ह' ज्या बटणावर आहे, त्याच बटणावर इंग्रजी 'यू' असतो. मग दाबल्यावर त्यातलं कोणतं अक्षर कॉम्प्युटरकडे जातं? एकही नाही! बटणांखाली आडव्या-उभ्या तारांचं जाळं असतं. दाबलं की त्यातली एक आडवी तार एका उभीला जोडली जाते, एवढंच. रात्री पिकातून फिरणाऱ्या जागल्यासारखी एक इवलीशी चिप या जाळ्यावरून सेकंदाला शेकडो फेऱ्या मारत असते. त्यात धातूचे पत्रे टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. चिप ही थरथर शमू देते. नाहीतर एका दाबात 'हहहह' उमटलं असतं.

आता आकड्यांची गंमत. चिप अक्षर नाही, बटणाची जागा कळवते, तीही आकड्यात. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीपासून या जागेचा नंबर आहे २२. बोट उचललं की १५०, म्हणजे त्यात १२८ मिळवून. होय, बटण सोडणं हीसुद्धा वेगळी बातमी असते! आजचा यूएसबी कीबोर्ड २४ पाठवतो, तरी विंडोज त्याचे पुन्हा २२ करून घेतं. चाळीस वर्षांची सवय! मग २२चे होतात ८५, म्हणजे 'यू'चं बटण. आणि अगदी शेवटी, मराठी कीबोर्ड निवडलेला असेल तर, २३६१. हा युनिकोडमधला, म्हणजे जगभरच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीतला 'ह'.

नांदेड ओलांडून तेलंगणात जा. इनस्क्रिप्टवर तेच बटण, तेच २२, तेच ८५. शेवटी मात्र ३१२९, तेलुगू 'ह'. फरक ७६८. 'क' घ्या, 'म' घ्या, फरक तोच! प्रमुख भारतीय लिप्या युनिकोडमध्ये एकाच क्रमाने मांडल्या आहेत, त्याचा हा परिणाम.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी ठरवायला हवं, ऐकायचं काय: अक्षर की जागा? डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांनी पळवायचा गेम मराठी कीबोर्ड चालू ठेवून उघडा. अक्षरं ऐकणाऱ्या गेमला दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि हलन्त मिळतात, आणि त्यातला गडी जागचा हलत नाही. जागा ऐकणाऱ्या गेमला मिळतात १७, ३०, ३१, ३२. तो गडी सुसाट पळतो.