थंडीत रानात जाताना

सुगी आटोपली की थोडी सवड मिळते. मग आपण मुलाबाळांना घेऊन कुठे तरी जाऊन येतो. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाचे रान आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यान म्हणजे फुलांची बाग नव्हे, बरे का! हे खरेखुरे रान आहे. तिथे वाघ आहेत, अस्वले आहेत, गवे आहेत. म्हणून तिथे जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवू या.

रानात पहाटे उघड्या गाडीतून जावे लागते. गाडी चालू झाली की गार वारा अंगाला झोंबतो. म्हणून कान आणि छाती नीट झाकून घ्यावी. दमेकऱ्याने आपले औषध जवळ ठेवावे.

गाडीतून खाली उतरू नये. वाटाड्या सांगेल तसे वागावे. तळ्याच्या काठी कधी मगर उन्हात पडलेली दिसते. थंडीत तिचे अंग गार पडते. ऊब मिळावी म्हणून ती उन्हाला येते. ती निजली आहे असे वाटते, पण ती एकदम झडप घालते.

रानात विडी ओढू नये, काडी पेटवू नये. पावसाळ्यानंतर गवत वाळत जाते. एका ठिणगीने वणवा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वाघाला आपण सगळेच भितो. शेगडीला मात्र कोणी भीत नाही. रात्री मुक्कामाच्या खोलीत थंडी वाजते. मग कोणी कोळशाची शेगडी आत आणतो, दारे-खिडक्या लावतो आणि निजतो. असे कधीही करू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नसला तरी तो वायू असतो. तो श्वासावाटे रक्तात जातो. मग रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. निजलेल्या माणसाला काही कळत नाही. तो झोपेतच दगावतो.

शेकायचे तर बाहेर अंगणात शेकावे. निजण्यापूर्वी पाणी ओतून विस्तव पुरता विझवावा. खोलीत शेगडी असताना डोके दुखले, गरगरले, मळमळले, तर ताबडतोब सगळ्यांना उघड्या हवेत आणावे. १०८ नंबरला फोन करून दवाखान्याची गाडी बोलवावी.

घरीसुद्धा हाच नियम पाळू या. निजताना पांघरूण एक जास्त घ्यावे, पण शेगडी दाराबाहेर ठेवावी.