ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक जोडण्यांची धातुनिवड

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक प्रणालीतील पंप, झडपा, सिलिंडर व होज यांना जोडणाऱ्या निप्पल, एल्बो, टी, अडॅप्टर आदी भागांना हायड्रॉलिक जोडण्या किंवा फिटिंग म्हणतात. सामान्यतः या प्रणालीत तेलाचा दाब १५० ते २१० बार असतो; मोटारीच्या टायरमध्ये तो सुमारे २ बार असतो. अवजार उचललेले असताना ट्रॅक्टर खड्ड्यातून गेल्यास दाब क्षणभर आणखी वाढतो. त्यामुळे धातूची निवड करताना बळकटी, गंजरोध आणि लगतच्या धातूशी सुसंगती या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

कार्बन पोलाद
बहुतेक ट्रॅक्टरांमध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या कार्बन पोलादाच्या जोडण्या असतात. हे पोलाद बळकट व स्वस्त असून त्यावर आटे चांगले पाडता येतात. मुलामा झिजू लागला की प्रथम पांढरी भुकटी दिसते आणि नंतर तांबडा गंज चढतो. १२ ते १५ टक्के निकेल असलेला जस्त-निकेल मुलामा साध्या मुलाम्यापेक्षा बराच अधिक काळ टिकतो.

स्टेनलेस स्टील
खते, फवारणी किंवा खाऱ्या हवेशी सतत संबंध येणाऱ्या यंत्रांसाठी हे उपयुक्त ठरते. ३१६ प्रतीच्या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडला ३०४ प्रतीपेक्षा अधिक दाद देत नाही. मात्र ते महाग असते व आवळताना त्याचे आटे एकमेकांत रुतून बसण्याचा संभव असतो. म्हणून आट्यांना योग्य वंगण लावतात.

पितळ आणि इतर धातू
पितळ सहज गंजत नाही. परंतु त्याची ताकद पोलादापेक्षा कमी असते. ताणाखालील पितळाला अमोनियामुळे तडे जातात. त्यामुळे अमोनियायुक्त खतांच्या सान्निध्यात ते धोक्याचे ठरते. त्याचा वापर कमी दाबाच्या वाहिन्यांपुरता मर्यादित ठेवतात. पाण्याच्या नळाच्या गॅल्व्हनाइज्ड जोडण्या हायड्रॉलिक प्रणालीत वापरू नयेत. त्या एवढ्या दाबासाठी बनवलेल्या नसतात, शिवाय जस्ताचे सुटलेले कण तेलात मिसळून पंप व झडपा खराब करतात.

सुसंगती
दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू लवकर झिजतो. रबरी सीलही तेलाला अनुरूप असावे लागते: खनिज तेलात नायट्राइल रबर चालते, ईपीडीएम रबर मात्र फुगते. अर्धा इंची बीएसपी व एनपीटी या दोन्ही आट्यांत इंचाला १४ फेरे असतात. परंतु त्यांचे कोन अनुक्रमे ५५ व ६० अंश असल्याने ते एकमेकांत बसल्यासारखे वाटले तरी गळतात.

सुरक्षितता
सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. जखम किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. म्हणून गळती हाताने न चाचपता पुठ्ठा धरून शोधतात. तसेच जोडणी सैल करण्यापूर्वी इंजिन बंद करून, अवजार जमिनीवर टेकवून प्रणालीतील दाब उतरवतात.