कर्ज काढून घर घेताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी ही म्हण रूढ केली त्यांची गाठ सुतार, गवंडी आणि सोयरे यांच्याशी पडलेली होती, बँकेशी नव्हे. आज तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचे घर घ्यावयाचे म्हटले तरी नोकरदार माणसाला कर्जावाचून ते जमत नाही. आणि तक्रार अशी ऐकू येते, की बँक जाहिरात करून बोलावते, मग पन्नास कागद मागते, आणि शेवटी मागितले त्याच्या निम्मे मंजूर करते. तक्रार खोटी नाही. परंतु बँक हे का करते ते एकदा समजून घेतले, तर तुमचे पुष्कळ हेलपाटे वाचतील. आणि क्वचित घरही वाचेल.

त्यासाठी जरा दूर, अमेरिकेत जावे लागते. २००७-०८ च्या आधी तेथे घरासाठी कर्ज देताना कित्येक ठिकाणी माणसाची मिळकतही नीट तपासली जात नसे. पहिली दोन-तीन वर्षे हप्ता हलका, पुढे जड, अशी ती कर्जे होती. घरांच्या किमती चढत होत्या तोवर कोणाला काही जाणवले नाही. त्या उतरल्या, हप्ते चढले, आणि लाखो कुटुंबांची घरे गेली. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी बुडाली. आपल्याकडे तेवढा अनर्थ झाला नाही. पण सुरुवातीला स्वस्त आणि मागाहून महाग अशी कर्जे येथेही निघाली होती. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांना लगाम घातला, आणि घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावे याची मर्यादा आखून दिली. २०१३ मध्ये ती बदलली. ऑक्टोबर २०१५ पासूनचे प्रमाण असे : कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, आणि त्यावर ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे, तुमचा हक्क नव्हे. बँक त्याहून कमी देऊ शकते.

आता असे पाहा. घराची किंमत २५ लाख ठरली. नव्वद टक्के म्हणजे साडेबावीस लाख बँक देईल, आपले अडीच लाख घातले की झाले, असा हिशेब आपण करतो. येथेच पहिली गफलत होते. बँक आपला मूल्यांकक पाठवते. त्याने किंमत २२ लाख लावली, तर ९० टक्के त्या २२ लाखांचे, म्हणजे १९ लाख ८० हजार. शिवाय घर १० लाखांहून जास्त किमतीचे असेल, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरायची नाही असा नियम आहे. २५ लाखांच्या घराला हा खर्च दीड ते पावणेदोन लाख समजा. म्हणजे अडीच लाखांच्या जागी तुमच्याजवळ सुमारे सात लाख असावयास हवेत. इसार देऊन बसल्यावर हे कळले, की मग सोने मोडणे, नाही तर पतसंस्थेचे दुसरे कर्ज, आणि त्या दुसऱ्या कर्जामुळे पहिल्याची रक्कम आणखी कमी!

काही विकणारे म्हणतात, 'करारनाम्यात अठराच लाख दाखवू, वरचे सात रोख द्या. तुमचे मुद्रांक शुल्कही वाचेल.' बँक अठरा लाखांच्याच हिशेबाने कर्ज देते. वरचे सात सगळे तुमच्या खिशातून. आणि जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम आगाऊ म्हणून रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई केली. व्यवहार फिसकटला तर त्या रोख रकमेची पावती तुम्ही कोणापुढे ठेवणार?

किमतीनंतर बँक पाहते ती तुमची फेड करण्याची ताकद. हातात येणाऱ्या पगारापैकी साधारण निम्म्याहून अधिक रक्कम सर्व कर्जांच्या हप्त्यांत जाऊ नये, असा पुष्कळ बँकांचा ठोकताळा असतो. टक्का बँकेगणिक थोडा वेगळा. तो काही कायदा नाही. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. समजा, कर आणि भविष्य निर्वाह निधी वजा जाता पगार ६० हजार आहे. निम्मे म्हणजे ३० हजार. त्यातून शिक्षक पतसंस्थेचा हप्ता १२ हजार आणि मोटारसायकलचा ४ हजार जातो. उरले १४ हजार. दरसाल ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीला लाखामागे हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो, तेव्हा कर्ज मिळेल साडेपंधरा लाख. आता मोटारसायकलचे उरलेले ३५-४० हजार आधी फेडून टाका. तो ४ हजारांचा हप्ता सुटताच घराचे कर्ज २० लाखांपर्यंत जाते. चाळीस हजारांनी साडेचार लाखांची वाट अडवून धरली होती! अर्ज करण्यापूर्वी सहा महिने हे आवरून घ्यावे. वयाचाही प्रश्न असतो. शाळेतील शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. अर्जदार ४६ वर्षांचा असेल तर बँक बहुधा १२ वर्षांचीच मुदत देते, आणि त्याच १८ हजारांच्या हप्त्यात पावणेसोळा लाखांच्या आसपासच रक्कम बसते.

लांब मुदत मात्र महाग असते, हेही ध्यानात असू द्या. २० लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी २० वर्षे महिना सुमारे १८ हजार भरले, की एकूण ४३ लाखांच्या वर जातात. पहिल्या हप्त्यातले १५ हजार नुसते व्याज असते. मुद्दल फिटते तीन हजार. तेच १५ वर्षांत फेडायचे तर हप्ता २० हजार ३०० च्या घरात जातो आणि एकूण भरणा साडेछत्तीस लाखांवर थांबतो. महिना तेवीसशे रुपये जास्त, आणि बचत साडेसहा लाखांहून अधिक. बदलत्या व्याजदराचे घरकर्ज व्यक्तीने मुदतीपूर्वी फेडले तर बँकेला दंड आकारता येत नाही. तेव्हा थकबाकी मिळाली, फरक मिळाला, की थोडी रक्कम मुद्दलात टाकता येते.

बदलत्या व्याजाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ज्याने आदल्या वर्षी ७ टक्क्यांनी २० लाख घेतले, त्याचा हप्ता होता सुमारे साडेपंधरा हजार. दर साडेनऊवर गेल्यावर २० लाखांचे नुसते व्याजच महिना १५ हजार ८०० च्या पुढे जाते. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढतच राहणार. पुष्कळ बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, आणि कित्येकांना ते कळलेही नाही. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मावले, की दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, का स्थिर व्याजाकडे जावे, हे कर्जदाराला विचारावे. आणि व्याज हप्त्याहून मोठे होईल अशा रीतीने मुदत वाढवू नये. तुम्ही मात्र कर्ज घेतानाच विचारा : दर दोन टक्क्यांनी चढला तर माझा हप्ता किती? तो झेपत नसेल तर घर लहान घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर तुमची पत. पूर्वी सावकार गावात चौकशी करी. आता ते काम पतमाहिती कंपन्या करतात. सिबिल ही त्यांतली जुनी, २००० सालची. आज अशा चार आहेत. ३०० ते ९०० च्या दरम्यान गुणांक असतो. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. तो अर्जाच्या आधी मागवून वाचावा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावी. ज्याने कधी कर्जच काढले नाही त्याला गुणांक नसतो. निव्वळ तेवढ्यावरून अर्ज फेटाळू नये असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. खरा धोका निराळाच आहे. सहकाऱ्याला नाही कसे म्हणायचे, म्हणून आपण बँकेत जामीन राहतो आणि विसरून जातो. त्याचे हप्ते थकले की त्याची नोंद तुमच्याही अहवालात उमटते, आणि दहा वर्षांनी तुमच्या घराचा अर्ज तिथे अडखळतो. भिडेपोटी केलेली सही तुमच्या मुलाबाळांच्या छपरावर येते, हे लक्षात ठेवून जामीन राहा.

खेडेगावातील घराची गोष्ट आणखी वेगळी. येथे बहुतेक अर्ज पैशासाठी अडत नाहीत, कागदासाठी अडतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा, अशी सर्वत्र समजूत आहे. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. कर कोण भरतो एवढेच त्यावरून कळते. गावठाणातील घरांना मोजणी नाही, नकाशा नाही, म्हणून बँक ती तारण घेईना. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना निघाली. ड्रोनने गावठाण मोजून घरमालकाला मालमत्ता पत्रक देण्याची ती योजना आहे. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर आपल्या पत्रकावर नाव कोणाचे लागले ते आजच पाहून घ्या. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झालेली नसली, तर भावाबहिणींच्या सह्यांवाचून पान हलणार नाही.

गावाबाहेर गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात, तेथे तर फारच जपावे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. सरकारने त्यात वेळोवेळी सवलती दिल्या, पण प्रत्येक तुकडा त्यांत बसतोच असे नाही. नुसत्या मुद्रांकावर लिहून घेतलेला, नोंदणी न झालेला, अकृषिक परवानगी नसलेला प्लॉट बँक तारण घेत नाही, आणि तिने घेतला नाही याचा अर्थ नीट समजून घ्या. सातबारा हाती आला की नावाखाली थांबू नका. 'इतर हक्क' वाचा : सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, बहिणीचा हक्क तेथेच असतो. जमीन 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती विकता येत नाही. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो. त्या शोधाचे पैसे तुम्हीच भरता. तेव्हा अहवालाची प्रत मागून घ्या. एवढ्या स्वस्तात असा सल्ला दुसरीकडे मिळणार नाही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेत असाल, तर तिची नोंदणी महारेराकडे आहे का ते पाहा. महाराष्ट्रात ती मे २०१७ पासून सुरू झाली. करारनामा नोंदवण्यापूर्वी बांधणाऱ्याला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. बँकेनेही बांधकाम जसे चढेल तसेच पैसे सोडावेत, असे २०१३ पासून रिझर्व्ह बँकेने बजावले आहे. तेव्हा 'स्लॅब पडल्याशिवाय बँक पैसे देत नाही' म्हणून बांधणारा कुरकुर करू लागला, तर त्याची बाजू घेऊन बँकेशी भांडू नका.

कर्ज फिटल्यावरचे एक काम राहून जाते. मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देण्याचे बंधन डिसेंबर २०२३ पासून बँकांवर आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कागद मोजून घ्या, येणे बाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि तो घेऊन तलाठ्यांकडे – आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात – किंवा नगर भूमापन कार्यालयात जाऊन बँकेचा बोजा कमी करवून घ्या. बोजा उतरलेला नवा उतारा हाती पडला, म्हणजे ते काम झाले.