खलनायक, पण कुणाच्या टेबलावर?

वॉरहॅमर खेळणारे चार जण एकत्र जमले की एक भांडण हमखास निघतं: मालेकिथ हा खलनायक की अँटी-हिरो? अँटी-हिरो म्हणणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा डार्क एल्फांचं सैन्य रंगवून ठेवलेलं असतं, त्यामुळे वकील आणि साक्षीदार एकच असा प्रकार होतो. त्याचं म्हणणं साधारण असं की, मालेकिथवर अन्याय झाला, त्याच्या रागाला कारण होतं, तेव्हा त्याला सरसकट दुष्टांच्या रांगेत उभं करू नका. यातला अन्यायाचा भाग बराचसा खरा आहे. पण तेवढ्यावरून तो अँटी-हिरो ठरतो, हे मला पटत नाही. का, ते सांगतो. आधी ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं.

खेळ कसला आहे

'वॉरहॅमर फँटसी बॅटल' हा टेबलावरचा युद्धखेळ १९८३ साली ब्रिटनमध्ये आला. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी तो रचला आणि तो गेम्स वर्कशॉप या कंपनीचा म्हणून जगभर गेला. अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक सुट्या भागांत मिळतात. ते चिकटवायचे, बारीक ब्रशने रंगवायचे आणि रांगा लावून मांडायचे. बुद्धिबळासारखी घरं इथे नसतात. चाल इंचांत, टेप लावून मोजायची. घाव लागला की हुकला, ते फासे सांगतात.

प्रत्येक जमातीचं एक 'आर्मी बुक' असतं. त्यात नियम आणि आकडे असतात, शिवाय त्या जमातीचं सगळं पुराणही असतं. आपलं भांडण निघतं ते या पुराणाच्या पानांतून.

मालेकिथची हकिगत

एल्फांचा पहिला फिनिक्स किंग, म्हणजे सर्वोच्च राजा, एनेरियन. केऑसच्या, म्हणजे अराजकाच्या शक्तींच्या, राक्षसांनी देश बुडवत आणला तेव्हा तो असुर्यान देवाच्या अग्नीत शिरला, होरपळला आणि जिवंत बाहेर आला. मालेकिथ हा त्याचा आणि मोराथीचा मुलगा. बाप गेल्यावर गादी मुलाकडेच येणार, असं मुलाने धरून ठेवलं होतं आणि आईने त्याहून घट्ट. सरदारांनी निवड केली ती बेल शानारची. मालेकिथने भर दरबारात त्याच्यापुढे गुडघा टेकला. पुढे कित्येक शतकं तो त्याच राजासाठी लढला, समुद्रापार वसाहती वाढवल्या, बुटक्यांचा थोरला राजा स्नोरी व्हाइटबिअर्ड याच्याशी जिवाभावाची दोस्ती केली. इथे गोष्ट थांबली असती तर एल्फांच्या गावागावात त्याचे पुतळे असते.

मग त्याने बेल शानारला विष घातलं आणि राजाने पापाच्या भीतीने स्वतःच ते घेतलं, अशी हूल उठवली. असुर्यानच्या देवळात जमलेले सरदार ऐकेनात, तेव्हा तिथेच रक्त सांडलं. मालेकिथ बापासारखा अग्नीत शिरला आणि अग्नीने त्याला जाळलं. सोबत्यांनी कोळसा झालेला देह उचलून नेला. व्हॉल या लोहारदेवाचा फितूर पुजारी होटेक याने त्याच्यासाठी काळं चिलखत घडवलं, ते त्याच्या मांसाशी कायमचं एकजीव झालं. मालेकिथच्या मूर्तीला चेहरा नसतो तो यामुळे. रंगवणाऱ्याला त्वचेच्या रंगाची बाटली उघडावीच लागत नाही. काळा, पोलादी आणि डोळ्यांच्या जागी लाल ठिपका दिला की झालं.

त्यानंतर यादवी, देशाची फाळणी (मायदेशी राहिले ते हाय एल्फ, मालेकिथबरोबर गेले ते डार्क एल्फ) आणि नॅगारॉथ नावाच्या थंडगार मुलुखात पाच हजार वर्षांचं राज्य. ते चालतं गुलामांवर आणि लूटमारीवर, मधूनमधून मायदेशावर स्वारी.

शब्दाचाच घोळ

मराठीत हा वाद आणखी गुंततो, कारण अँटी-हिरोला काही जण 'प्रतिनायक' म्हणतात. हा शब्द जुना आहे आणि त्याचा अर्थ नेमका उलट आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू: लोभी, उद्धट, हट्टी, पापी. रामासमोरचा रावण, युधिष्ठिरासमोरचा दुर्योधन. या मापाने मालेकिथ अगदी शंभर नंबरी प्रतिनायक ठरतो आणि वाद घालणारे दोघेही जिंकल्याच्या आनंदात घरी जातात. म्हणून इथे मी सरळ अँटी-हिरो हाच शब्द वापरतो.

अँटी-हिरो हा आधी नायक असतो. गोष्ट त्याची असते. फक्त नायकाकडून आपण धरलेलं धैर्य, औदार्य, ध्येय यांचा त्याच्याकडे दुष्काळ असतो. दस्तयेव्हस्कीच्या १८६४ सालच्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'मधला निवेदक शेवटी स्वतःच्या कहाणीला हाच शब्द लावतो. चिडका, खुनशी, कुणाचंही भलं न करणारा माणूस, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आपण त्याच्याच डोक्यात कोंडलेले असतो. आपल्याकडे तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर घ्या. १९७२ साली त्या नाटकावरून एवढं वादळ उठलं, त्याचं एक कारण मला हे वाटतं की तो रंगमंचाच्या मधोमध होता. तोच सखाराम दुसऱ्या कुणाच्या नाटकात शेजारचा दारुडा म्हणून येऊन गेला असता तर कुणी चकार शब्द काढला नसता.

म्हणजे पात्र किती वाईट आहे, हा प्रश्न इथे दुय्यम. त्याच्या वाईटपणाला कारण आहे का, हा तर त्याहून दुय्यम, कारण चांगल्या खलनायकाला कारण असतंच. पाहायचं ते हे की गोष्ट कुणाच्या खांद्यावरून सांगितली आहे.

त्याच जमातीतला दुसरा

ही कसोटी लावून बघायला फार लांब जावं लागत नाही. डार्क एल्फांतच मालस डार्कब्लेड नावाचा एक उमराव आहे. डॅन अ‍ॅबनेट यांनी तो आधी कॉमिक्समध्ये आणला. २००५ पासून त्यांनीच माइक ली यांच्याबरोबर त्याच्या कादंबऱ्या लिहिल्या.

मालस बापाचा नावडता. गुलाम पकडून आणायच्या मोहिमेत त्याने उसन्या पैशांचा डाव लावला, तो फसला आणि सावकार मागे लागले. धनाच्या आशेने तो उत्तरेला एका देवळात गेला आणि तिथे सापडलेली अंगठी बोटात घातली. ती निघेना. देवळात कोंडलेला त्झार्कन हा राक्षस त्याच्या अंगात शिरला होता. त्याने अट घातली: एका वर्षात पाच वस्तू आणून मला सोडव, नाहीतर तुझा आत्मा माझा. तिथून पुढे मालस खोटं बोलतो, दगा देतो, भाऊबहिणींनाही सोडत नाही. करुणा म्हणाल तर औषधालाही नाही. तरी पान उलटताना आपण मनात वस्तू मोजत असतो: दोन झाल्या, तीन राहिल्या, लवकर कर बाबा.

हा अँटी-हिरो. क्रौर्यात तो मालेकिथपेक्षा कमी आहे म्हणून नव्हे. दोघं एकाच मातीचे. पण मालसचं घड्याळ आपल्या मनगटावर बांधलेलं आहे. संगणकावरच्या 'टोटल वॉर: वॉरहॅमर २' मध्ये २०१९ साली तो आला, तेव्हा खेळ बनवणाऱ्यांनी हे बरोबर ओळखलं: त्झार्कनचा ताबा वाढत जातो आणि तो उतरवायला खेळणाऱ्याला औषध विकत घ्यावं लागतं. खजिना आपला, म्हणून डोकेदुखीही आपलीच.

या दोघांचंही मूळ मायकेल मूरकॉकच्या एल्रिकपर्यंत जातं. १९६१ साली अवतरलेला, आत्मे पिणारी तलवार बाळगणारा, एका ऱ्हास पावलेल्या क्रूर साम्राज्याचा पांढराफटक राजा. वॉरहॅमरचं आठ बाणांचं केऑस-चिन्हही मूरकॉककडूनच आलेलं. एल्रिकला त्या तलवारीची किळस येते आणि तिच्यावाचून उभंही राहवत नाही. त्यातली अगतिकता मालसच्या वाट्याला आली, गादी आणि दिमाख मालेकिथच्या.

मग कादंबरीतला मालेकिथ?

गॅव्ह थॉर्प यांनी या यादवीवर तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या पहिलीचं नावच 'मालेकिथ'. तिथे तोच मध्यभागी आहे, मग तिथे तरी अँटी-हिरो का नाही? हा आक्षेप वजनदार आहे आणि मी त्यापुढे बराच वेळ अडलो. पण ती कादंबरी मॅकबेथच्या वाटेने जाते. पराक्रमी, मानी, लाडका सेनापती एकेक पायरी उतरत जातो. अशा माणसाला शोकनायक म्हणतात. कोसळायला आधी उंची लागते. अँटी-हिरो बहुधा जन्मतःच तळमजल्यावर राहतो.

टेबलावर द्वेषाची किंमत

खेळाचं वेगळेपण इथे आहे. कादंबरीत खांदा एकच असतो, टेबलाला मात्र दोन बाजू असतात. अलीकडे बसलेल्यासाठी मालेकिथ सेनापती, पलीकडच्यासाठी संकट. आणि दोघांसाठीही तो मुळात ठरावीक पॉइंट्सना घेतलेला एक मोहरा.

डार्क एल्फांचं २००८ सालचं आर्मी बुक उघडून पाहा. त्यातला खास नियम आहे 'चिरंतन द्वेष'. द्वेष असलेल्या सैनिकांना हातघाईच्या पहिल्या फेरीत हुकलेले घाव पुन्हा फेकता येतात. समोर हाय एल्फ असले तर ही सवलत प्रत्येक फेरीत. म्हणजे बापाची गादी, विष, अग्नी, पाच हजार वर्षांची धग, हे सगळं आटून शेवटी मूठभर फाशांत उतरलं. खेळाडू हुकलेले फासे वेचतो, पुन्हा फेकतो, चार पाच पडले तर खूश होतो. कुणाचाही द्वेष त्याच्या मनात नसतो. उलट समोरच्यासाठी मघाशीच चहा मागवलेला असतो. गंमत म्हणजे ते आर्मी बुकही थॉर्प यांचंच. एकाच लेखकाने एकीकडे या द्वेषाची शोकांतिका लिहिली, दुसरीकडे त्याचा नियम.

म्हणून टेबलावर कुणी अँटी-हिरो होत नाही. तिथे खेळाडू पात्राच्या डोक्यात शिरत नाही, डोक्यावर उभा राहून खाली बघतो. सैन्य रंगवताना महिनोन्‌महिने लागलेली माया ही वेगळी गोष्ट. आपल्या गणपतीची मूर्ती आपल्यालाच सुबक दिसते, तसं ते.

२०१४ ची पलटी

कंपनीने खेळातलं जुनं जग संपवायचं ठरवलं, तेव्हा २०१४ मध्ये 'द एंड टाइम्स' ही मालिका सुरू झाली. तिच्यातल्या 'खेन' या भागात एक पत्ता उघडा पडला. अग्नीने मालेकिथला नाकारलंच नव्हतं. होरपळणं हीच परीक्षा होती आणि तो वेदनेने अर्ध्यातून बाहेर पडला. त्याच्यानंतरचे राजे मंत्रांच्या आडोशाने त्या अग्नीतून चालत गेले होते. खरा वारस तोच. तो पुन्हा अग्नीत जातो, या वेळी टिकतो आणि फिनिक्स किंग होतो.

वकिलांना हा पुरावा सोन्यासारखा वाटतो. मला तो त्यांच्याच विरुद्ध जाणारा वाटतो. अँटी-हिरोला गादीचा हक्क शाबीत व्हावा लागत नाही. इथे लेखकांनी खलनायकाला जुन्या पद्धतीचा, रीतसर नायक करून टाकलं, पाठीमागून तारीख घालून. विष घातलेला बेल शानार त्यामुळे परत आला नाही.

त्यानंतर २०१५ मध्ये तो खेळ बंद झाला आणि त्याच्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आला. त्यात सगळ्या जमाती चार मोठ्या गटांत वाटल्या आहेत: सुव्यवस्था, केऑस, मृत्यू आणि विध्वंस. मालेकिथ तिथे मालेरियन या नावाने सावल्यांचा देव होऊन बसला आहे. त्याचा गट सुव्यवस्था. मोराथीही तिथेच आहे, आणि खेळाच्या नावातला सिग्मारही.