आईची कात्री

घरात शिलाई मशीन असेल तर आईची एक ताकीद तुम्हाला पाठच असेल : "माझ्या कात्रीला हात लावायचा नाही!"

मी चौथीत असताना लावला होता. शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचा अजिंक्यतारा करायचा होता. किल्ला झाला झकास! पण संध्याकाळी आई शेजारच्या काकूंचं ब्लाऊजपीस कापायला बसली, तर कात्री कापड कापेना, नुसती चावायला लागली. कापड वाया गेलं. त्याचे पैसे आईनं शिलाईतून भरून दिले.

असं का झालं? कात्रीचं एकटं पातं कापत नाही. दोन्ही पाती एकमेकांना अगदी चिकटून सरकली, तरच कापड कापलं जातं. जाड पुठ्ठ्यानं पाती फाकतात, स्क्रू सैल होतो. शिवाय बऱ्याच कागदांत चिनी माती किंवा खडूची पूड असते, ती धार झिजवते. कडबाकुट्टीच्या यंत्रातही पातं स्थिर कडेजवळून गेलं तरच कडबा तुटतो. आपल्या सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याआधी बेळगावात अशी यंत्रं बनवली होती.

आता धार कशी लावायची? हे काम मोठ्यांचं. तुम्ही शेजारी बसून बघायचं. आधी स्क्रू तपासा. कित्येकदा तो आवळला की भागतं. नाहीच भागलं, तर कात्री पूर्ण उघडून धारेचा बाहेरचा उतार दगडावर टेकवायचा. मूळ तिरपेपणा न बदलता, बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेनं आठ-दहा वेळा घासायचं. दोन्ही पात्यांना सारखंच. आतली सपाट बाजू मात्र घासायची नाही, पाती तिथंच भेटतात! मग कात्री पुसून स्क्रूवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा आणि हळूच उघडझाप करायची. पातळ सुती चिंधी टोकापर्यंत सरळ कापली गेली, की धार आली समजा.

पाटण-जावळीच्या पावसात लोखंड लगेच गंजतं. तिकडच्यांनी पात्यांवर तेलाचा हात फिरवून कात्री कोरड्या फडक्यात गुंडाळावी. नागमोडी धारेची कात्री मात्र घरी घासू नये, धार लावणाऱ्याकडेच द्यावी.

त्याच कात्रीवर पुढं आईनं माझी डी.एड.ची फी भरली. म्हणून आज एक काम करा. आईच्या कात्रीच्या मुठीला लाल दोरा बांधा. लाल दोरा दिसला, की कागद कापायचा नाही. बांधाल ना?